मोटरसायकल परदेशी पाठवताना: आधी तिकडचं दार, मग इकडची पेटी

मोटरसायकल जहाजावर किंवा विमानात चढवणं हा या कामातला सोपा भाग आहे. बहुतेकांचे पैसे आणि दिवस जातात ते पलीकडच्या बंदरात. गाडी गोदामात उभी असते, गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत असतं आणि कस्टमचा अधिकारी एका कागदावर अडलेला असतो. तोच कागद गाडी निघायच्या आधी तासाभरात दुरुस्त झाला असता. म्हणून काम उलट्या टोकाकडून सुरू करावं. गाडी जिथे उतरणार तिथलं कस्टम काय मागतं ते आधी पक्कं करायचं, त्यावरून कागद, कागदांवरून वाहतुकीचा मार्ग, आणि पेटीचा विचार सगळ्यात शेवटी.

गाडी परत येणार की तिथेच राहणार?

कस्टमच्या दृष्टीने हा एकच प्रश्न महत्त्वाचा. गाडी फिरून परत जाणार असेल तर ती तात्पुरती आयात, आणि ड्युटी भरावी लागत नाही. तिथेच राहणार असेल तर कायमची आयात, आणि मग ड्युटी, कर आणि त्या देशाचे वाहनविषयक नियम सगळे लागू. या दोन्हींचे कागद पूर्ण वेगळे असतात. तात्पुरती म्हणून आत नेलेली गाडी नंतर तिथेच विकायची असं मनात असेल तर ते आधीच सोडून द्या. बऱ्याच देशांत तो गुन्हा ठरतो आणि गाडी जप्त होते.

तात्पुरत्या आयातीच्या तीन तऱ्हा आहेत. काही ठिकाणी सीमेवर किंवा बंदरातच परवाना करून देतात. दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशाला स्वतःच्या वापराची गाडी साधारणपणे सहा महिने करमुक्त ठेवता येते. तिसरी तऱ्हा म्हणजे 'कार्ने द पासाज', ज्याला सगळे नुसतं कार्नेट म्हणतात. भारत, पाकिस्तान, इराण, इजिप्त ही कार्नेट मागणारी ठळक नावं. अमेरिकेची गोष्ट निराळी: तिथे कार्नेट लागत नाही, पण परदेशी रहिवाशाला एक वर्षापुरती गाडी नेताना पर्यावरण खात्याचा ३५२०-१ आणि परिवहन खात्याचा एचएस-७ हे दोन फॉर्म भरावे लागतात. पर्यावरण खात्याचं सूट देणारं पत्र गाडी निघण्याआधी हातात असलेलं बरं.

कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट असं म्हणतात, पण खरं तर ती हमी आहे. तुम्ही गाडी बाहेर काढली नाही तर ड्युटी आम्ही भरू, असं तुमचा ऑटोमोबाईल क्लब त्या देशाच्या कस्टमला लिहून देतो. त्या बदल्यात क्लब तुमच्याकडून रोख ठेव, बँक गॅरंटी किंवा विमा घेतो. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कोणकोणत्या देशांत जाणार यावर ठरते. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते, त्यामुळे देशांची यादी देताना 'जमलं तर जाऊ' असे देश त्यात घालू नका. पुस्तिका ५, १० किंवा २५ पानांची मिळते आणि तिची मुदत एक वर्ष असते. पण एखाद्या देशात किती दिवस राहू देणार हे तो देश वेगळं ठरवतो. कार्नेट वर्षभराचं आहे म्हणून तिथे वर्षभर राहता येत नाही.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. आत जाताना खालचा भाग कस्टम फाडून ठेवतं, बाहेर पडताना मधला. वरचा भाग तुमच्याकडेच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के हवेत, आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा. लहान बंदरांत अधिकाऱ्याने आयुष्यात दोन-चारच कार्नेटं पाहिलेली असतात. तो चुकीचा भाग फाडू शकतो. पुस्तिका त्याच्या हातात असताना समोरच उभं राहा आणि परत घेतल्याबरोबर पान उघडून पाहा.

कायमची आयात असेल तर गाडी पाठवायच्या आधी तीन गोष्टी तपासा: ती त्या देशात रजिस्टर होते का, गाडीच्या वयाची अट काय, आणि स्थलांतरितांना सूट आहे का. युरोपीय संघात वर्षभर बाहेर राहून कायमचं यायला निघालेल्या माणसाला, किमान सहा महिने वापरलेली स्वतःची गाडी ड्युटी न भरता नेता येते. मात्र पुढचे बारा महिने ती विकता येत नाही. ड्युटीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मालाच्या यादीत मोटरसायकलींचा क्रमांक ८७११. पुढचे दोन आकडे इंजिनावर ठरतात: २५० ते ५०० सीसी ८७११.३०, ५०० ते ८०० सीसी ८७११.४०, ८०० च्या वर ८७११.५०, विजेवर चालणारी ८७११.६०. बऱ्याच देशांत ड्युटी नुसत्या गाडीच्या किमतीवर लागत नाही, किंमत अधिक विमा अधिक भाडं या बेरजेवर लागते. म्हणजे महागड्या विमानाने पाठवलेली गाडी ड्युटीतही महाग पडते. अमेरिका आंतरराष्ट्रीय भाडं त्यात धरत नाही.

विमान की जहाज

एकच गाडी असेल आणि वेळ महत्त्वाचा असेल तर विमानाचा भाव आधी काढा. जहाजाचं भाडं कागदावर फारच कमी दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. कंटेनरमधल्या थोड्या जागेत माल पाठवला, ज्याला एलसीएल म्हणतात, की पलीकडे कंटेनर उघडण्याचा खर्च, टर्मिनलचा खर्च, डिलिव्हरी ऑर्डरची, म्हणजे माल सोडण्याच्या चिठ्ठीची फी, गोदामाचं भाडं आणि एजंटची फी असं एकेक जोडलं जातं. या सगळ्याची बेरीज मूळ भाड्याच्या कितीतरी पट होऊ शकते. इकडचा एजंट या रकमा सांगत नाही, कारण त्या त्याच्या बिलात येतच नाहीत. पलीकडच्या एजंटला स्वतः मेल लिहून प्रत्येक ओळीचा आकडा लेखी मागवा. तो आकडा देत नसेल तर त्या मार्गाने गाडी पाठवू नका.

दोन-तीन किंवा जास्त गाड्या असतील तर अख्खा वीस फुटी कंटेनर वाटून घेणं चांगलं. आतली लांबी सुमारे ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर. तोंडं उलटसुलट करून पाच-सहा गाड्या पेटीशिवाय बसतात. अट एकच, सगळ्यांचे कागद एकाच वेळी तयार हवेत. एकाची गाडी अडली की कंटेनर अडतो. रो-रो जहाजात गाडी चाकांवरच चढवतात. पेटी लागत नाही, पण किल्ली गाडीबरोबर द्यावी लागते आणि सामानाच्या बाजूच्या पेट्या, आरसे, मोबाईलचा होल्डर असं सुटणारं काहीही गाडीवर ठेवायचं नसतं.

विमानाचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकाराचं वजन यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. समजा गाडी २१५ किलोची आणि पेटी ४० किलोची, म्हणजे प्रत्यक्ष २५५ किलो. गाडी आहे तशी उभी ठेवली आणि पेटी २३० × ९० × १२५ झाली, तर आकाराचं वजन ४३१ किलो. पुढचं चाक, काच, आरसे काढले, हँडल सैल करून फिरवलं आणि पेटी २०० × ८० × १०५ वर आणली, तर २८० किलो. दीडशे किलोचं भाडं दोन-तीन तासांच्या कामात वाचतं. एलसीएलमध्ये एक घनमीटर किंवा एक टन असा हिशोब असतो, म्हणून मोटरसायकलीला तिथे फक्त आकारच मोजला जातो. वरच्या दोन पेट्या २.५९ आणि १.६८ घनमीटर भरतात.

पेट्रोल, बॅटरी, चिखल

पेट्रोलची गाडी विमानाच्या नियमांत धोकादायक माल आहे, क्रमांक यूएन ३१६६, वर्ग ९. टाकी शक्य तितकी रिकामी हवी, आणि उरलेलं पेट्रोल कुठल्याही परिस्थितीत टाकीच्या पावपेक्षा जास्त नको. याचं जाहीरपत्र प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच भरावं लागतं, म्हणून असा माल नेहमी हाताळणारा एजंट हवा. जहाजाच्या कंटेनरमधून नेताना टाकी पूर्ण रिकामी आणि बॅटरीला शॉर्टसर्किटपासून संरक्षण असेल तर धोकादायक मालाची बरीच कागदपत्रं टळतात.

कार्ब्युरेटरची गाडी पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालू ठेवली तरी चालते, उलट फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोलही संपतं. इंजेक्शनच्या गाडीला मात्र असं कोरडं चालवू नका. पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. कोरडा फिरला की घासतो. तिथे नळीने पेट्रोल काढून घ्या.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा, मग पॉझिटिव्ह, आणि दोन्ही टोकं टेपने झाका. लिथियम बॅटरी बसवलेली असेल तर ती यूएन ३८.३ चाचणी पास झाल्याचा कागद बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या. हा कागद नसल्याने गाडी विमानतळावरच राहते. सीटखाली लपवलेल्या ट्रॅकरमध्येही लिथियम बॅटरी असते हे विसरायला होतं. चेन ल्यूबचा स्प्रे आणि कॅम्पिंगचा गॅस गाडीबरोबर अजिबात नको.

गाडी धुणं हे सगळीकडेच चांगलं, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी ते कायद्याचं काम आहे. तिथले निरीक्षक माती, बिया, किडे शोधतात आणि सापडले की तुमच्या खर्चाने पुन्हा धुवायला लावतात. वरवर चकचकीत गाडी इथे उपयोगाची नाही. पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढा, आत चेनचं तेल आणि धूळ मिळून काळा लगदा साचलेला असतो, त्यातच गवताच्या बिया अडकतात. रेडिएटरच्या पात्या, मडगार्डची आतली बाजू, इंजिनखालची प्लेट, एअर फिल्टरचा डबा, बुटांचे तळवे आणि तंबूच्या खुंट्यासुद्धा बघा. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसला पूर्ण बंदी आहे. जुन्या गाडीच्या ब्रेक शूमध्ये, क्लच प्लेटमध्ये किंवा गॅस्केटमध्ये ते असू शकतं, म्हणून जुनी गाडी नेणाऱ्याने हे भाग बदलून त्याची बिलं जवळ ठेवावीत.

पेटी आणि बांधणी

शोरूममध्ये नव्या गाड्या लोखंडी चौकटीत येतात. तीच चौकट मागून घ्या; मजबूत असते आणि लाकडाचा प्रश्नच येत नाही. लाकडी पेटी करायची तर लाकूड आयएसपीएम १५ या पेट्यांच्या लाकडासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं हवं, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. त्यावर कणसाचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि एचटी असा छाप असतो. प्लायवूडला ही अट नाही. फसगत होते ती तळाशी: बाजू प्लायच्या, पण खाली आधाराला साध्या लाकडाचे ओंडके ठोकलेले. छाप नसलेल्या त्या दोन ओंडक्यांमुळे अख्खी पेटी परत पाठवली जाऊ शकते किंवा तुमच्या खर्चाने धुरी द्यावी लागते.

चाक काढल्यावर लगेच ब्रेक पॅडच्या मध्ये लाकडाची पट्टी सरकवा. कुणाचा तरी हात लिव्हरवर पडतोच, पिस्टन बाहेर येतात, आणि पलीकडे पोचल्यावर डिस्क आत जात नाही. हँडल फिरवताना ब्रेक ऑइलची डबी उभीच राहील असं बघा. ती आडवी झाली की हवा आत शिरते आणि झाकणातून पाझरलेलं ऑइल टाकीचा रंग खातं. एक्सल, वॉशर आणि स्पेसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुन्हा फोर्कमध्ये घालून ठेवा. एबीएसच्या सेन्सरची तार बांधून घ्या.

बांधायला चार रॅचेट पट्टे, पुढे दोन, मागे दोन, साधारण ४५ अंशात खाली ओढलेले. पुढचे पट्टे हँडलच्या टोकांना न लावता फोर्कच्या खालच्या जोडाला मऊ फास घालून लावा. सस्पेन्शन निम्मं दबेल इतकंच ओढा. पूर्ण दाबलं तर ऑइल सील गळतात, आणि सैल राहिलं तर गाडी उसळून पट्टा निसटतो. पुढचं चाक काढलेलं असेल तर एक्सल तळाला पक्क्या केलेल्या ठोकळ्यावर बोल्टने धरा. गाडी साइड स्टँडवर कधीच उभी ठेवू नका, सगळं वजन एका बिजागरीवर येतं. पट्टा टाकीला किंवा पॅनेलला टेकत असेल तिथे स्वच्छ फोम घाला. समुद्रात आठवडे चालणाऱ्या बारीक थरथरीत पट्ट्याची कड पॉलिश पेपरसारखी घासते. प्लास्टिकमध्ये गाडी घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरून गंज चढतो. चेनला तेल, सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा, कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, एवढं पुरे.

कागदांवरचे आकडे

गाडीच्या चौकटीवरचा चेसिस नंबर स्वतः टॉर्च लावून वाचा आणि फोटो काढा. १७ अक्षरांच्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. जे ओ वाटतं ते शून्य असतं, जे आय वाटतं तो एक असतो. रजिस्ट्रेशन, कार्नेट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाजाने नेलेल्या मालाची पावती) किंवा एअर वेबिल (विमानाच्या मालाची पावती) या सगळ्यांवर तोच नंबर आणि तोच इंजिन नंबर हवा. दोन माणसं समोरासमोर बसून, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने टिकमार्क करायची, यापेक्षा चांगली पद्धत नाही. इंजिन बदललेलं असेल तर कार्नेट काढायच्या आधीच रजिस्ट्रेशनवर नोंद करून घ्या.

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा छापण्याआधी मागवा. माल घेणाऱ्याचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. वर्णनात 'वापरलेली मोटरसायकल, तात्पुरती आयात' आणि कार्नेटचा नंबर लिहून घ्या, नाहीतर पलीकडे ती विक्रीचा माल म्हणून नोंदली जाते आणि नोंद बदलायला दिवस जातात. मूळ बिल निघालं तर त्याची कागदी प्रत पलीकडे हजर केल्याशिवाय गाडी मिळत नाही. त्यापेक्षा सी वेबिल किंवा टेलेक्स रिलीज मागा, त्यात मूळ कागद हजर न करता माल सुटतो. एलसीएलमध्ये तुमच्या हातात एजंटचं बिल असतं, जहाज कंपनीचं नव्हे, म्हणून पलीकडे डिलिव्हरी ऑर्डर नेमकं कोण देणार त्याचं नाव आणि पत्ता विचारून ठेवा. कपडे, हेल्मेट, दुरुस्तीची अवजारं पेटीत ठेवली असतील तर ती पॅकिंग लिस्टवर एकेक करून लिहा. न लिहिलेली एक पिशवी सगळी पेटी उघडायला लावते.

विमा मालवाहतुकीचा, सर्व जोखमींचा घ्या. विमानात नुकसान झालं तर माँट्रियल करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी किलोला २६ एसडीआरपर्यंतच असते (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). जहाजाला हेग-व्हिस्बी नियम लागू असतील तर नगाला ६६६.६७ किंवा किलोला २ एसडीआर, यात जे जास्त ते. आपल्या २५५ किलोच्या पेटीला किलोने ५१० येतात, म्हणजे ६६६.६७ एसडीआर, बस. शिवाय जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला तर 'जनरल ॲव्हरेज'खाली त्याचा वाटा जहाजावरच्या प्रत्येक मालवाल्याला भरावा लागतो, आणि तो भरेपर्यंत तुमची धड असलेली गाडीही सोडत नाहीत. विमा असेल तर या वाट्याची हमी विमा कंपनी देते.

सोडवणूक

जहाजाची तारीख पुढे जाते हे धरूनच चाला, पण गाडीच्या आधी तुम्ही तिथे पोचलेले असा. गोदामाचे मोफतचे दिवस मोजकेच असतात आणि त्यांत बहुधा सुट्ट्याही धरल्या जातात. क्रम साधारण असा: माल आल्याची सूचना मिळते, एजंटकडे पैसे भरून डिलिव्हरी ऑर्डर घ्यायची, ती, पासपोर्ट, रजिस्ट्रेशन आणि कार्नेट घेऊन कस्टममध्ये जायचं, अधिकारी गोदामात येऊन चेसिस नंबर बघतो, शिक्का, मग गोदामाचे पैसे आणि गेटपास. पेटीवर अशा बाजूला फळी ठेवा की ती काढताच चेसिस नंबर दिसेल, म्हणजे तपासणीसाठी सगळी बांधणी सोडावी लागत नाही. सकाळी लवकर जा. अधिकारी दुपारी गोदामाकडे निघायला तयार नसतो आणि एक दिवस वाया जातो.

पेटी उघडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. नुकसान दिसलं तर पावतीवर तिथेच लिहा आणि मगच सही करा. 'मिळाला, चांगल्या स्थितीत' यावर सही झाली की दाव्याचा पाया जातो. न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी तक्रार हेग-व्हिस्बीप्रमाणे तीन दिवसांत करायची असते, विमानाच्या मालाची चौदा दिवसांत. अंगावरच्या सामानात बॅटरीचा पाना, एक्सलचा पाना, पंप आणि पेट्रोल आणायला रिकामा डबा ठेवा. बॅटरी जोडताना आता पॉझिटिव्ह आधी. चाक बसवल्यावर ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा, पहिल्या दाबाला तो रिकामाच जातो आणि गोदामाच्या उतारावर हे कळणं फार वाईट. तिथल्या रस्त्यावर चालणारा थर्ड पार्टी विमा गेटच्या बाहेर पडायच्या आधी हवा.

देश सोडताना बाहेर गेल्याचा शिक्का घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नका, मग रांग किती का मोठी असेना. जहाजाने परत पाठवत असाल तर गाडी गोदामात दिली म्हणजे ती देशाबाहेर गेली असं होत नाही. निर्गमनाचा शिक्का एजंटकडून घेऊन पुस्तिका हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. मुदत संपत आली असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज मुदतीच्या आतच क्लबकडे जायला हवा. आणि शिक्का खरोखरच राहून गेला, तर घरी पोचल्यावर गाडी स्थानिक कस्टमसमोर उभी करून ती देशाबाहेर आल्याचा दाखला भरून घ्या. त्याचा छापील नमुना कार्नेटमध्येच असतो. तो क्लबने मान्य करून पुस्तिका बंद केली, की मगच ठेव परत मिळते.